जीवाणूची मोट

दाट असेल तिथून विरळ असेल तिकडे जायचे, हा विसरणाचा नियम आपण वर्गात शिकवतो. पाण्यात मिठाचा खडा टाकून दाखवतोही. पण आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू याच्या उलट करताना दिसतो. बाहेरच्या द्रवात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अगदी थोडी असली तरी तो ती आत ओढतो आणि बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी दाट साठवतो. हे चढावर ओझे नेण्याचे काम झाले. त्याला ऊर्जा कोण पुरवते?

१९५६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की लॅक्टोज आत घेण्यासाठी पेशीत एक खास प्रथिन असते. त्याला त्यांनी ‘परमिएज’ म्हटले. दार सापडले, पण ऊर्जेचे कोडे राहिलेच. पेशीत ऊर्जेचा प्रश्न आला की आपण एटीपीचे नाव घेऊन मोकळे होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांचे म्हणणे वेगळे होते. श्वसन करताना पेशी पटलातून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, बाहेर ढकलते. त्यामुळे बाहेरची बाजू धनभारित व थोडी अधिक आम्लधर्मी होते. या प्रोटॉनना परत आत यायची ओढ असते. साखर आत येते ती त्यांच्या जोरावर, असे त्यांनी सुचवले.

विहिरीवरची मोट आठवा. बैल धावेवरून उतरतात आणि नाड्याला बांधलेली भरली मोट वर येते. प्रोटॉनचा उतार साखरेला चढ चढवतो, तो असा. बैलांना पुन्हा धावेच्या माथ्यावर न्यावे लागते. ते काम श्वसनाचे. दृष्टान्त एका ठिकाणी मात्र तुटतो. बैल व मोट एकमेकांपासून दूर असतात, इथे एक प्रोटॉन आणि लॅक्टोजचा एक रेणू एकाच प्रथिनातून जोडीनेच आत येतात.

हे खरे कशावरून? साखरेबरोबर प्रोटॉन आत जात असतील तर बाहेरच्या द्रवातली आम्लता घटली पाहिजे. १९७० साली इयन वेस्ट यांनी हेच तपासले. पेशींची ऊर्जानिर्मिती रोखून त्यांनी द्रवात लॅक्टोज घातले, आणि बाहेरचा सामू किंचित वाढला! आम्हाला हा प्रयोग फार आवडतो. एवढ्या मोठ्या वादात साधे सामूमापक साक्षीला आले. दुसरा पुरावाही बोलका आहे. डायनायट्रोफिनॉलसारखी रसायने प्रोटॉनना पटलातून चोरवाट करून देतात. ती घातली की लॅक्टोज आत येते, पण बाहेरच्याइतके झाले की थांबते. दार शाबूत, बैल सुटलेले.

थोडे गणित करू. पटलाच्या दोन बाजूंमधला एकूण जोर सुमारे १८० मिलिव्होल्टइतका धरू. दर ६० मिलिव्होल्टला दसपट साठा शक्य होतो. म्हणजे १० × १० × १०, सिद्धान्ततः हजारपट! आकडा लहान वाटतो, पण पटलाची जाडी सात-आठ नॅनोमीटरच असते. म्हणजे दर मीटरला दोन कोटी व्होल्टच्या वर.

मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून एटीपी अगदीच बाजूला पडला असे नाही. हवा नसेल तेव्हा ई. कोलाय एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतो आणि मोट चालू ठेवतो. माल्टोजसाठी तर तो थेट एटीपीच वापरतो.

ग्लुकोजची तऱ्हा आणखी निराळी. ते आत येता येताच त्याला फॉस्फेट जोडले जाते. आत पोचते ते ग्लुकोज उरलेलेच नसते, त्यामुळे चढाचा प्रश्नच येत नाही. आणि ग्लुकोज मिळत असले, की याच यंत्रणेतले एक प्रथिन जाऊन लॅक्टोजच्या परमिएजला चिकटते व ते दार बंद करून टाकते.