गोल्डन गेट पुलाचे भूकंपरोधक बळकटीकरण

गोल्डन गेट पुलाचे भूकंपरोधक बळकटीकरण हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सान फ्रान्सिस्को शहरालगतच्या गोल्डन गेट या पोलादी झुलत्या पुलाला तीव्र भूकंप सहन करता यावा म्हणून हाती घेतलेला, अनेक टप्प्यांत विभागलेला अभियांत्रिकी प्रकल्प आहे. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर केलेल्या अभ्यासातून त्याची गरज स्पष्ट झाली आणि १९९७ मध्ये प्रत्यक्ष कामास प्रारंभ झाला. विशेष म्हणजे त्या भूकंपात या पुलाला इजा झालेली नव्हती. उभी असलेली, मोठ्या गाळ्याची जुनी पोलादी संरचना न पाडता आणि तिचा वापर न थांबवता सुरक्षित कशी करता येते, याचे उदाहरण म्हणून हा प्रकल्प महत्त्वाचा आहे.

पुलाची रचना

सान फ्रान्सिस्को शहर व उत्तरेकडील मॅरिन परगणा यांना जोडणारा हा पूल मे १९३७ मध्ये खुला झाला. त्याचे दोन मनोरे पाण्यापासून २२७ मीटर उंच असून त्यांमधील मुख्य गाळा १,२८० मीटरचा आहे. १९६४ पर्यंत झुलत्या पुलांमध्ये तो जगातील सर्वांत लांब गाळा होता. जोसेफ स्ट्रॉस हे पुलाचे मुख्य अभियंता होते. रचनेच्या गणितात चार्ल्स एलिस व लिऑन मॉइसीफ यांचा मोठा वाटा होता.

‘गोल्डन गेट पूल’ म्हटले की डोळ्यांसमोर मनोरे आणि केबल येतात. प्रत्यक्षात ही अनेक निरनिराळ्या संरचनांची साखळी आहे. मध्ये झुलता भाग, दोन्ही टोकांना केबल जखडून ठेवणारी काँक्रीटची अवजड बांधकामे, त्यांच्या जवळचे काँक्रीटचे उंच स्तंभ, दोन्ही बाजूंना पोलादी कैच्यांवर उभे असलेले जोडपूल आणि दक्षिणेकडे एक पोलादी कमान, असे तिचे दुवे आहेत. ही कमान फोर्ट पॉइंट या एकोणिसाव्या शतकातील विटांच्या किल्ल्यावरून जाते. किल्ला पाडावा लागू नये म्हणूनच ती मुद्दाम योजण्यात आली. यांपैकी कोणताही एक दुवा निखळला तरी संपूर्ण मार्ग बंद पडतो.

१९८९ चा भूकंप

हा पूल सान अँड्रियास आणि हेवर्ड या दोन सक्रिय प्रस्तरभंगांच्या दरम्यान आहे. सान अँड्रियास प्रस्तरभंगावरील हालचालीमुळेच १९०६ मध्ये सान फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले होते. पुलाची आखणी झाली त्या काळात भूकंपाचा जोर हा संरचनेच्या वजनाच्या ठरावीक हिश्श्याइतका स्थिर आडवा रेटा मानून हिशेबात घेण्याची रीत होती. जमिनीची हालचाल क्षणाक्षणाला बदलते आणि तिला प्रत्येक संरचना आपापल्या परीने प्रतिसाद देते, हे मोजण्याची साधने त्या वेळी उपलब्ध नव्हती.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी लोमा प्रिएटा येथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र सान फ्रान्सिस्कोपासून सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेस होते आणि जोरदार हादरे सुमारे १५ सेकंद जाणवले. गोल्डन गेट पूल सुरक्षित राहिला. मात्र त्याच उपसागरावरील सान फ्रान्सिस्को–ओकलँड बे पुलाच्या पूर्व भागात एका सांध्यातील बोल्ट तुटले आणि वरच्या रस्त्याचा सुमारे १५ मीटर लांबीचा तुकडा आधारावरून निसटून खालच्या रस्त्यावर कोसळला. एका वाहनचालकाचा त्यात मृत्यू झाला आणि पूल महिनाभर बंद राहिला. बे पूल १९३६ मध्ये, म्हणजे गोल्डन गेटच्या अवघे काही महिने आधी खुला झाला होता. एकाच काळातील दोन पुलांपैकी एक वाचला व दुसरा मोडला, यावरून वाचलेला पूल निर्धोक ठरत नव्हता. भूकंपाचे केंद्र दूर होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुबळ्या जागांचा शोध

भूकंपानंतर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष गंभीर होता. पुलाच्या जवळ ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाल्यास मोठी हानी होईल आणि त्याहून प्रबळ भूकंपात दोन्ही जोडपूल व फोर्ट पॉइंटची कमान कोसळण्याचा धोका आहे, असे आढळले.

सर्वांत भव्य असा झुलता भाग त्या मानाने कमी धोक्यात होता. याचे कारण आंदोलनकालात आहे. लांब दोरीचा झोपाळा सावकाश हेलकावतो आणि आखूड दोरीचा झपाझप हलतो. त्याचप्रमाणे मोठ्या गाळ्याच्या झुलत्या भागाला एक हेलकावा पूर्ण करण्यास कित्येक सेकंद लागतात. भूकंपाची बहुतांश ऊर्जा त्याहून जलद कंपनांत असते. आखूड व ताठ जोडपुलांचा आंदोलनकाल या जलद कंपनांच्या जवळ येत असल्याने त्यांना अधिक जोराचे हादरे बसतात.

झुलत्या भागालाही स्वतःचे धोके आहेत. रस्त्याला ताठपणा देणारी कैची मनोऱ्यांपाशी खंडित आहे. मोठ्या हालचालीत तिची टोके मनोऱ्यांवर आदळू शकतात. शिवाय भूकंपाच्या लहरी सर्व आधारांपर्यंत एकाच क्षणी पोहोचत नाहीत, त्यामुळे दोन मनोऱ्यांचे पाये एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना सरकू शकतात. लहान इमारतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

बळकटीकरणाची तत्त्वे

संरचना बळकट करणे म्हणजे तिला अधिकाधिक जाड पोलाद जोडणे, असा समज होऊ शकतो. तो अपुरा आहे. पोलाद वाढले की वजन वाढते, आणि भूकंपात निर्माण होणारे बळ वस्तुमानाच्या प्रमाणात असल्यामुळे तेही वाढते. एक भाग फार ताठ केला, तर त्यावर येणारा भार शेजारच्या दुबळ्या भागाकडे ढकलला जातो. म्हणून या प्रकल्पात पुढील उपायांचा मेळ घातला आहे.

• सामर्थ्यवाढ : दुबळे दांडे, तिरपे आधार, सांधे आणि पाये बळकट करणे किंवा बदलणे.

• सातत्य : सुटे गाळे एकमेकांना जोडणे, म्हणजे एखादा गाळा आधारावरून निसटून पडणार नाही.

• विलगन : खांब व कैची यांच्यामध्ये आयसोलेटर बसवणे. हे विशेष आधार आडव्या दिशेने सरकू शकतात. त्यामुळे खालच्या खांबांचे हादरे वर पूर्णपणे पोहोचत नाहीत.

• ऊर्जाशोषण : हालचालीतील ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करणारी डँपरसारखी साधने बसवणे. मोटारीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर याच तत्त्वावर चालतात.

• तन्यता : काही भाग असे घडवणे की ते मर्यादेपलीकडे ताणले गेले तरी वाकतील, पण एकदम तुटणार नाहीत.

एका जुन्या कामाचाही येथे लाभ झाला. १९८२ ते १९८६ या काळात खाऱ्या हवेने खराब झालेला काँक्रीटचा रस्ता काढून पोलादी पत्र्याचा हलका रस्ता बसवण्यात आला होता. हेतू दुरुस्तीचा होता, परंतु वजन घटल्यामुळे भूकंपात पुलावर येणारा भारही घटला.

कामाचे टप्पे

कामाचा क्रम दुबळेपणावरून ठरवण्यात आला. जो भाग पडण्याची शक्यता अधिक, तो आधी.

पहिल्या टप्प्यात (१९९७–२००१) उत्तरेकडील जोडपुलाचे काम झाले. त्याचे चारही पोलादी आधार-मनोरे बदलण्यात आले आणि पाये बळकट करण्यात आले. सुटे असलेले पाच गाळे जोडून एक सलग कैची बनवण्यात आली व आयसोलेटर बसवण्यात आले.

दुसऱ्या टप्प्यात (२००१–२००८) दक्षिणेकडील जोडपूल, केबल जखडणारे बांधकाम, फोर्ट पॉइंटची कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंचे काँक्रीटचे स्तंभ यांचे काम झाले. स्तंभांना पोलादी पत्र्यांची जोड देण्यात आली आणि कमानीचे दुबळे दांडे बळकट करून तेथे ऊर्जाशोषक साधने बसवण्यात आली.

तिसऱ्या टप्प्याचा पूर्वार्ध उत्तरेकडील केबल जखडणारे बांधकाम व त्यालगतचा स्तंभ यांचा होता. २००८ मध्ये सुरू झालेले हे काम २०१४ मध्ये पूर्ण झाले. उत्तरार्धात मुख्य झुलता भाग येतो. मनोऱ्यांना आतून बळकटी देणे आणि कैची व मनोरे यांच्यामध्ये डँपर बसवणे ही त्यातील प्रमुख कामे आहेत. त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ४० कोटी डॉलरचे अनुदान जाहीर केले.

वाहतूक चालू ठेवून काम

पुलावर सहा मार्गिका असून त्यावरून दररोज सुमारे एक लाख वाहने जात आली आहेत. त्यामुळे पूल दीर्घकाळ बंद ठेवणे शक्य नव्हते. जोडपुलाचा जुना आधार काढण्यापूर्वी शेजारी तात्पुरता आधार उभारून भार त्यावर घेतला जाई, नंतर जुना आधार काढून त्या जागी नवा बसवला जाई. वर वाहने धावत असताना हे काम चाले. या प्रत्येक मधल्या अवस्थेतही संरचना सुरक्षित आहे ना, याचे गणित स्वतंत्रपणे करावे लागते, कारण भूकंप काम पूर्ण होण्याची वाट पाहत नाही.

जुन्या रंगात शिसे असल्याने तो खरवडताना त्याचे कण समुद्रात व हवेत जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागली. पूल ऐतिहासिक वारसा असल्याने नवे भाग आकाराने व नारिंगी रंगाने जुन्या भागांशी जुळते ठेवण्यात आले.

बळकटीकरण की पुनर्बांधणी

प्रत्येक जुनी संरचना बळकट करणे शहाणपणाचे ठरतेच असे नाही. बे पुलाच्या बाबतीत दोन वेगवेगळे निर्णय झाले. पश्चिमेकडील झुलत्या भागाचे बळकटीकरण २००४ मध्ये पूर्ण झाले. तेथे लाखो जुने रिव्हेट काढून उच्च सामर्थ्याचे बोल्ट बसवण्यात आले. पूर्वेकडील भाग मात्र पूर्णपणे नव्याने बांधण्यात आला आणि २ सप्टेंबर २०१३ रोजी खुला झाला. अशा निवडीत जमिनीचे स्वरूप, जुन्या सांध्यांची अवस्था, खर्च आणि उरलेले आयुष्य यांचा विचार होतो.

महत्त्व

क्रीडागृहे, विमानांची कोठारे व कारखान्यांच्या शेड यांसारख्या मोठ्या गाळ्याच्या पोलादी संरचनांनाही हीच विचारपद्धती लागू पडते. छत हलके असले तरी त्याचे आधार, तिरपे दांडे आणि सांधे तपासणे आवश्यक असते, कारण अपयशाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. मोठ्या भूकंपानंतर सान फ्रान्सिस्को शहराला मदत, औषधे आणि माणसे पोहोचवण्यासाठी गोल्डन गेट हा उत्तरेकडील थेट मार्ग आहे. म्हणून हादऱ्यांत पूल उभा राहणे पुरेसे नसून त्यानंतर तो लवकरात लवकर वापरता येणे, हे या बळकटीकरणाचे उद्दिष्ट आहे.