पर्वतीय स्नोमोबिल

खोल व भुसभुशीत हिमाने झाकलेल्या डोंगरउतारांवर, आखलेली वाट नसतानाही चालविता यावे अशा बेताने बनविलेले यांत्रिक वाहन. पुढे दिशा देणाऱ्या दोन स्की, मागे एंजिनाने फिरणारा रुंद रबरी पट्टा आणि त्यावर घोड्यावर बसल्याप्रमाणे मांड टाकून बसण्याची जागा ही सर्वसाधारण स्नोमोबिलची रचना यातही असते. मात्र पट्ट्याची लांबी, एकूण वजन आणि विरळ हवेत एंजिनाची शक्ती टिकविण्याची योजना या बाबतींत हे वाहन सपाटीवरील स्नोमोबिलपेक्षा इतके वेगळे झाले आहे की, कारखानदार त्याचा स्वतंत्र वर्ग मानतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व कॅनडातील रॉकी पर्वत आणि त्याच्या पश्चिमेकडील डोंगररांगा हे त्याचे मुख्य क्षेत्र होय.

स्नोमोबिलचा उगम गरजेतून झाला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हॅल्कूर या गावचे यांत्रिक कारागीर झोझेफ-आर्मां बाँबार्डिए (१९०७–६४) यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात, हिमाने वाटा बंद झाल्यामुळे रुग्णालयात नेता न आल्याने दगावला. हिमावरून चालणाऱ्या वाहनाचे त्यांचे प्रयोग त्यापूर्वीच चालू होते. दातेरी चाक व त्यावर फिरणारा पट्टा ही त्यांची योजना लवकरच सिद्ध झाली आणि १९३७ मध्ये त्यांना तिचे एकस्व मिळाले. त्यांची आरंभीची वाहने सात किंवा अधिक माणसे नेणारी, बंदिस्त अशी होती. डॉक्टर, टपाल व शाळकरी मुले यांच्या वाहतुकीसाठी ती वापरली जात. एकट्यादुकट्याने चालवावयाचे हलके वाहन कार्ल इलायसन यांनी विस्कॉन्सिन राज्यात १९२४ मध्येच तयार केले होते. पण असे वाहन लोकप्रिय झाले ते बाँबार्डिए यांच्या ‘स्की-डू’ (१९५९) या गाडीमुळे. मिनेसोटा राज्यात पोलॅरिस व पाठोपाठ आर्क्टिक कॅट या कंपन्या उदयास आल्या. १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील वार्षिक विक्री पाच लाखांच्या जवळ गेली होती. पुढे ती बरीच उतरली आणि शंभराहून अधिक कारखानदारांपैकी मोजकेच टिकले.

या गाड्या रॉकी पर्वतात नेल्यावर दोन अडचणी समोर आल्या. पहिली हिमाच्या खोलीची. दोन-दोन मीटर भुसभुशीत हिमात आखूड पट्ट्याची गाडी पुढे न सरकता जागच्या जागी खड्डा खणते. यावर उपाय म्हणजे पट्टा लांब करणे व त्यावरील रबरी पाती उंच करणे. १९९० च्या सुमारास पर्वतीय गाडीचा पट्टा सु. ३·४५ मी. घेराचा असे, आता ३·९ ते ४·४५ मी. घेराचे पट्टे सर्रास आढळतात. आखीव वाटेवरील गाडीच्या पट्ट्याची पाती २·५ ते ४ सेंमी. उंच असतात, तर पर्वतीय गाडीची ६ ते ७·५ सेंमी. उंच असतात. गाडी व चालक यांचे मिळून ३०० किग्रॅ. वजन धरले, तरी लांब पट्ट्यामुळे हिमावरील दाब पायी चालणाऱ्या माणसाच्या पावलाखालील दाबाच्या सु. एक-दशांशच भरतो. याच कारणाने, चालक गाडीवरून उतरला की, मांडीपर्यंत रुततो. गाडी अडकली म्हणजे ती खणून काढण्याचे काम त्याला असे रुतूनच करावे लागते.

दुसरी अडचण हवेची. समुद्रसपाटीपासून ३,००० मी. उंचीवर हवेचा दाब सु. ७० टक्के उरतो. सिलिंडरात तेवढ्याच आकारमानाची पण विरळ हवा येते. ऑक्सिजन कमी मिळाल्याने जळणारे इंधनही कमी होते. ढोबळ मानाने दर ३०० मी. उंचीमागे शक्ती सु. ३ टक्क्यांनी घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक दोष होता. हवा विरळ झाली, तरी इंधन जवळजवळ पूर्वीच्याच मापाने येई आणि मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढून एंजिन गुदमरे. त्यामुळे चालकाला थंडीत बोटे गारठवीत जेट बदलावे लागत. हवेचा दाब मोजून इंधनाचे प्रमाण ठरविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणामुळे हा त्रास गेला. घटलेली शक्ती मात्र त्याने परत मिळत नाही.

शक्ती चाकापर्यंत पोहोचविण्यासाठी दोन कप्प्या व त्यांवरील रबरी पट्टा यांची आपोआप गुणोत्तर बदलणारी योजना असते. एंजिनाकडील कप्पीत वजने बसविलेली असून, ती केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकली गेली की, कप्पीच्या चकत्या जवळ येतात. उंचीवर एंजिन दुबळे झाल्यावर तीच वजने जड ठरतात आणि फेऱ्यांची गती मिनिटास सु. ८,००० या इष्ट गतीखाली घसरते. म्हणून उंचीप्रमाणे वजने हलकी करण्याची पद्धत आहे.

एंजिन बहुधा दोन सिलिंडरांचे द्विधाव प्रकारचे असते. चौधाव एंजिन कमी धूर करते, पण ते जड असते आणि चढावर वाढीव प्रत्येक किलोग्रॅम चालकाला जाणवतो. जुन्या द्विधाव एंजिनांत न जळलेले इंधन निष्कासाबरोबर निघून जाई. त्यांच्या धुराने व आवाजाने येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मोठा वाद उद्‌भवला आणि तेथे कमी प्रदूषण करणाऱ्या गाड्यांचीच सक्ती झाली. निष्कासद्वार मिटत आल्यावर इंधन थेट सिलिंडरात फवारण्याच्या पद्धतीने ही गळती पुष्कळ कमी केली. २००९ नंतर स्की-डूच्या गाड्यांत ही पद्धत रूढ झाली.

सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे टर्बोभारक. निष्कास वायूंनी फिरणाऱ्या टरबाइनाने आत येणारी हवा दाबली की, विरळ हवेची उणीव भरून निघते. द्विधाव एंजिनात हे साधणे अवघड असते. कारण निष्कासनळीतील दाबतरंगांवरच सिलिंडर नीट भरणे अवलंबून असते आणि मध्ये बसविलेला अडथळा ते तरंग बिघडवितो. छोट्या कार्यशाळा अशी जोडणी बरीच वर्षे करून देत. तीत दट्ट्या वितळण्याचे प्रकार नवे नव्हते. कारखान्यातच टर्बोभारक बसविलेले द्विधाव एंजिन स्की-डूने २०२० च्या सुमारास बाजारात आणले. त्याची १६५ अश्वशक्ती सु. २,४४० मी. उंचीपर्यंत कायम राहते, असे कंपनीने जाहीर केले. पुढील आवृत्तीत हा आकडा १८० झाला. पोलॅरिसनेही २०२१ मध्ये आपले टर्बोभारित एंजिन जाहीर केले.

शीतनाची रीत मजेदार आहे. पट्ट्याने उडविलेले हिम गाडीच्या पोटाखालील पन्हळीवजा भागात आदळते आणि तेथील उष्णता-विनिमयक थंड ठेवते. त्यामुळे ऐन हिवाळ्यातही, टणक बर्फावरून गेल्यास, एंजिन तापते.

गाडीचा तोल चालकाच्या शरीरावर अवलंबून असतो. आडव्या उतारावरून जाताना तो एका बाजूच्या पायफळीवर उभा राहून गाडी चढाच्या बाजूस कलती धरतो आणि स्की उलट, म्हणजे उताराकडे वळवितो. हे सुकर व्हावे म्हणून स्कींमधील अंतर सु. ९० सेंमी.च ठेवतात, वाटेवरच्या गाडीत ते १०५ सेंमी.च्या पुढे असते. मागील निलंबनास बाजूंना किंचित कलू देणारा सांधा (स्की-डू, २०१३) आणि दोनांऐवजी एकाच तुळईवर पट्टा तोलणारी रचना (आर्क्टिक कॅट, २०१९ ची श्रेणी) या सुधारणांचा हेतूही तोच होता.

नवी श्रेणी बहुधा हिवाळा सरताना जाहीर होते. ग्राहक वसंतात मागणी नोंदवितात आणि गाड्या पुढील हिम पडण्यापूर्वी हाती येतात. त्यामुळे न चालविलेल्या गाडीवर पैसे लावावे लागतात. पहिल्याच वर्षीचे नवे एंजिन घ्यावे की थांबावे, हा प्रश्न दरवर्षी चर्चिला जातो. थांबणाऱ्यांची बाजू पुष्कळदा बरोबर ठरते. व्यवसायही डळमळीत आहे. यामाहाने या क्षेत्रातून बाहेर पडत असल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले आणि आर्क्टिक कॅट २०२५ मध्ये नव्या मालकांकडे गेली. भारतात गुलमर्ग येथे पर्यटकांसाठी स्नोमोबिल चालविली जाते. सियाचीन हिमनदीवर भूसेना अशीच वाहने वापरते. ही मात्र पर्वतीय वर्गातील क्रीडावाहने नव्हेत.

जुन्या गाडीचे एंजिन तीव्र चढावर दम टाकी आणि चालक आपोआप खालीच राही. नव्या गाडीत ही मर्यादा उरली नाही. हिमलोट बहुधा ३०° ते ४५° उताराच्या जागी सुटतात आणि नेमक्या अशाच उतारांवर जास्तीत जास्त उंच चढून वळण्याची चढाओढ चालते. स्कीवरून पायी चढणारा अशा तीन-चार जागी दिवसभरात पोहोचतो, गाडीवाला तासाभरात. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियातील स्पारवुड गावच्या अकरा चालकांपैकी सात जण हिमलोटाखाली गाडले गेले. उरलेले चौघे त्यांना खणून काढीत असता दुसरा लोट आला. आठ जण मृत्युमुखी पडले. मार्च २०१० मध्ये रेव्हलस्टोकजवळील बोल्डर मौंटनवर उताराच्या पायथ्याशी जमलेल्या मोठ्या जमावावर लोट कोसळून दोघे मरण पावले आणि सु. तीस जण जखमी झाले.

म्हणून उतारावर एका वेळी एकानेच जावे आणि इतरांनी लोटाच्या संभाव्य मार्गाबाहेर थांबावे, असा दंडक आहे. प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा संदेशक, लांब शोधकाठी व फावडे असावे लागते. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. ही साधने अंगावर बाळगावयाची असतात. गाडीवरील पेटीत ठेवलेले फावडे गाडीबरोबरच गाडले जाते. भ्रमणध्वनी व गरम हातमोजे यांसारख्या विद्युत् उपकरणांचा संदेशकाला अडथळा होतो. त्यामुळे ती नेहमी त्यापासून २० सेंमी. व शोध घेताना ५० सेंमी. दूर ठेवतात.