दुकानाच्या बळावर परदेशवास

परदेशीं जाऊन राहण्याचे मार्ग सामान्यतः तीन समजले जातात: विद्यार्जन, नोकरी आणि विवाहसंबंध. याशिवाय चौथाहि एक मार्ग आहे. त्याचें नांव पुष्कळांनीं ऐकलेलें असतें, परंतु त्याची रीत व त्यांतील अडचणी थोड्यांनाच ठाऊक असतात. परक्या देशांत एखादा लहानसा चालता धंदा विकत घ्यावयाचा आणि त्या धंद्याचा चालक-मालक म्हणून तेथें राहण्याची परवानगी मिळवावयाची, असा हा मार्ग होय. धंदा मोठा असलाच पाहिजे असें नाहीं. कपडे धुण्याच्या यंत्रांचें दुकान, कोपऱ्यावरचें उपाहारगृह, मोटारदुरुस्तीचा कारखाना, पोहण्याचे तलाव साफ करण्याचें काम, यांपैकीं कोणताहि धंदा चालतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या परवानगीस 'ई-२' व्हिसा असें नांव आहे. एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक ज्या व्यवहारांत एका दिवसांत अडकते, तो व्यवहार कसा चालतो हें आधीं समजून घेणें इष्ट आहे.

या व्हिसाचा पाया कायद्यांत जितका आहे तितकाच राष्ट्राराष्ट्रांतील व्यापारी तहांत आहे. इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्यें १८१२ सालीं सुरू झालेलें युद्ध संपल्यावर ३ जुलै १८१५ रोजीं लंडन येथें उभय राष्ट्रांत व्यापाराचा एक करार झाला. अमेरिकेचा प्रदेश आणि ब्रिटिश राजाचे युरोपांतील मुलूख यांच्या दरम्यान व्यापार मोकळा असावा, एकाच्या प्रजाजनांनीं दुसऱ्याच्या प्रदेशांत जाऊन राहावें, घरें व वखारी भाड्यानें घ्याव्या, असें त्यांत ठरलें. ब्रिटिश नागरिकास आज अमेरिकेंत दुकान घेऊन राहतां येतें तें या दोनशें वर्षांहून जुन्या कराराच्या आधारावर. मौज अशी कीं, याच करारांत मुंबईचेंहि नांव आहे. कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि प्रिन्स ऑफ वेल्स बेट, म्हणजे हल्लींचें पेनांग, या ठिकाणीं अमेरिकन जहाजांस व्यापारासाठीं येऊं द्यावें, असें त्याचें तिसरें कलम सांगतें. परंतु तें कलम अमेरिकन जहाजांच्या सोयीचें होतें. मुंबईचा माल अमेरिकेस न्यावा एवढीच त्यांत मुभा होती. मुंबईच्या माणसानें अमेरिकेंत जाऊन राहावें असें त्यांत कोठेंहि नव्हतें.

पुढें अमेरिकेनें १९२४ सालीं वसावयास येणाऱ्यांची संख्या देशवार बांधून टाकली, तेव्हां तहाच्या आधारें व्यापारासाठीं येणारास त्या बंधनांतून वगळलें. १९५२ च्या कायद्यानें त्या व्यापाऱ्याच्या शेजारीं भांडवल गुंतविणाराहि आणून बसविला. हाच आजचा ई-२ व्हिसा.

यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. ज्या देशाशीं अमेरिकेचा तसा तह आहे, त्याच देशाच्या नागरिकास हा व्हिसा मिळतो. भारताशीं असा तह नाहीं. म्हणून भारतीय पासपोर्ट धारण करणाऱ्या माणसाजवळ कितीहि भांडवल असलें, तरी हें दार त्यास बंद आहे. येथें जन्मस्थान पाहत नाहींत, नागरिकत्व पाहतात. पुण्यांत जन्मलेला परंतु इंग्लंडांत वर्षानुवर्षे राहून तेथील नागरिक झालेला मराठी माणूस या व्हिसासाठीं अर्ज करूं शकतो. मात्र ब्रिटिश नागरिकाचें वास्तव्य ब्रिटनमध्यें असावें लागतें, कारण १८१५ च्या करारांतील 'युरोपांतील मुलूख' ही मर्यादा अद्यापि टिकून आहे. गोमंतकीयांचाहि येथें संबंध येतो. गोवा १९६१ सालीं मुक्त होण्यापूर्वीं तेथें जन्मलेल्या अनेकांनीं व त्यांच्या वंशजांनीं पोर्तुगालचें नागरिकत्व घेतलें आहे. अमेरिकेच्या २०२२ सालच्या कायद्यानें पोर्तुगीज नागरिकांस या व्हिसाची वाट मोकळी केली आणि २०२४ पासून ती प्रत्यक्षांत आली. परंतु परकीय नागरिकत्व घेतांच भारतीय नागरिकत्व संपतें, हें त्या लाभाचें मूल्य आहे.

कांहीं धनिकांनीं यांतून एक आडवाट शोधली होती. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाशीं अमेरिकेचा तह आहे, आणि तें बेट ठराविक रक्कम घेऊन नागरिकत्व देतें. तेथील पासपोर्ट घ्यावयाचा व त्याच्या जोरावर अमेरिकेंत धंदा घ्यावयाचा, असा हा क्रम होता. वर सांगितलेल्या २०२२ च्याच कायद्यानें ती वाट अडविली. पैसे गुंतवून नागरिकत्व मिळविलेल्या माणसानें त्या देशांत सलग तीन वर्षें खरोखर वास्तव्य केलेलें असावें, अशी अट घातली गेली.

नागरिकत्वाचा प्रश्न सुटल्यावर रकमेचा प्रश्न येतो. पुष्कळांचा असा समज असतो कीं, कायद्यानें एक किमान आंकडा ठरविला असेल. तसा आंकडा नाहीं. गुंतवणूक धंद्याच्या एकंदर किमतीच्या मानानें भरीव असावी, एवढेंच कायदा म्हणतो. धंदा जितका स्वस्त, तितका मालकाच्या पैशाचा वांटा अधिक पाहिजे. लाख डॉलरांच्या दुकानांत जवळजवळ सर्व रक्कम मालकाची असावी लागेल. कोट्यवधि डॉलरांच्या कारखान्यांत त्याहून कमी प्रमाण चालेल. धंद्याची निदान निम्मी मालकी तहांतील देशाच्या नागरिकांकडे असावी, आणि धंद्याचा कारभार अर्जदारानें स्वतः चालवावा. घर घेऊन भाडें खाणें किंवा शेअर घेऊन स्वस्थ बसणें यांस येथें गुंतवणूक म्हणत नाहींत.

शिवाय तो पैसा जोखमींत पडलेला असावा लागतो. बँकेंत नुसती पडून असलेली शिल्लक दाखवून भागत नाहीं. तसेंच धंद्याचीच मालमत्ता गहाण टाकून काढलेलें कर्ज जमेस धरीत नाहींत. स्वतःच्या घरावर काढलेलें कर्ज मात्र धरतात, कारण धंदा बुडाला तर तेथें मालकाचें स्वतःचें घर जातें. पैसा कोठून आला याचाहि पुरावा द्यावा लागतो. येथें अर्जदारापुढें पेंच उभा राहतो: व्हिसा मिळण्यापूर्वीं पैसे गुंतवावे, आणि नंतर व्हिसा नाकारला गेला तर? यावर कायद्यास मान्य असलेला तोडगा 'एस्क्रो' हा आहे. खरेदीची रक्कम एका त्रयस्थाकडे ठेवावयाची. व्हिसा मिळतांच ती विक्रेत्यास जाते, न मिळाल्यास परत येते. खरेदीखतांत हें कलम न घालतां पैसे मोजणें म्हणजे विहिरीचें पाणी न पाहतां उडी टाकणें होय.

यापुढची अट सर्वांत कठीण आहे. धंद्यानें मालकाच्या कुटुंबास जेमतेम पोसण्यापलीकडे कांहीं उत्पन्न करावें, किंवा पांच वर्षांच्या आंत तसें करण्याची ऐपत दाखवावी, असें नियम सांगतो. उदाहरणादाखल मँचेस्टरचें एक जोडपें कल्पावें. पति विजेचीं कामें करणारा, पत्नी परिचारिका, मुलगी पंधरा वर्षांची. राहतें घर विकून त्यांनीं फ्लोरिडांत पोहण्याचे तलाव साफ करण्याचा धंदा १,४०,००० डॉलरांस घ्यावयाचें ठरविलें. ऐंशीं घरांचे तलाव, दर घराचे महिना १५० डॉलर, म्हणजे वर्षाची आवक १,४४,०००. औषधें, पेट्रोल, विमा व दुरुस्ती यांस ६४,००० जातात आणि ८०,००० उरतात, असें विक्रेता सांगतो. आंकडा खोटा नाहीं. पण विक्रेता आठवडाभर स्वतः उन्हांत राबतो, आणि त्या राबण्याची मजुरी त्यानें खर्चांत धरलेली नाहीं. हें जोडपेंहि तसेंच राबूं लागलें, तर हा धंदा केवळ त्यांच्याच पोटापुरता आहे, असें म्हणून अधिकारी अर्ज नाकारूं शकतो. म्हणून एक नोकर ठेवावा, तर त्याच्यावर वर्षास ४५,००० खर्च होतील असें धरूं. मग मालकाच्या हातीं ३५,००० राहतात. जें उत्पन्न विक्रेत्यास पुरत होतें, तेंच व्हिसाच्या अटीमुळें खरेदीदारास अपुरें पडतें. नवीं गिऱ्हाइकें जोडून धंदा वाढविल्याखेरीज या कोंडींतून सुटका नाहीं.

आणि जोडप्यानें विकत घेतलें तरी काय? एक जुनी मोटार, कांहीं अवजारें आणि गिऱ्हाइकांची यादी. त्यांतील एकहि गिऱ्हाईक नव्या मालकाशीं बांधलेलें नाहीं. म्हणून सावध खरेदीदार करारांत दोन गोष्टी लिहून घेतो: पहिल्या कांहीं महिन्यांत गेलेल्या गिऱ्हाइकांची भरपाई विक्रेत्यानें करावी, आणि त्यानें त्याच भागांत पुन्हा तोच धंदा उघडूं नये. इतर धंद्यांचे धोके निराळे. कपडे धुण्याच्या दुकानांत नाणीं रोख पडतात. तेथें विक्रेत्याच्या तोंडच्या आंकड्यापेक्षां पाण्याचें बिल अधिक खरें बोलतें, कारण जितकें पाणी वापरलें तितकीच यंत्रें चाललीं असलीं पाहिजेत. उपाहारगृहांत जागेचा भाडेपट्टा हाच जीव असतो. पट्टा नव्या नांवानें करून देण्यास जागामालकाची संमति नसेल, तर भांडीं आणि पाटी यांपलीकडे हातीं कांहीं लागत नाहीं. नामांकित कंपनीची शाखा घ्यावयाची असल्यास, सही करण्यापूर्वीं निदान १४ दिवस त्या कंपनीनें आपली सविस्तर माहितीपत्रिका दिली पाहिजे, असा अमेरिकेंतील नियम आहे. ते दिवस ती वाचण्यासाठीं आहेत. सर्वच ठिकाणीं विक्रेत्यानें सरकारास भरलेलीं मागील तीन वर्षांचीं करपत्रकें पाहावीं. करपत्रकांत कमी नफा दाखविणारा आणि गिऱ्हाइकास अधिक नफा सांगणारा विक्रेता एका ठिकाणीं तरी खोटें बोलतो आहे.

आतां कुटुंबाकडे वळावें. पतिपत्नींपैकीं एकास हा व्हिसा मिळाला कीं दुसऱ्यास अमेरिकेंत कोठेंहि नोकरी करण्याची मोकळीक असते. पुष्कळ घरीं सुरुवातीचीं वर्षें या दुसऱ्या पगारावरच निभावतात. एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांस बरोबर राहून शिकतां येतें. नोकरी मात्र करतां येत नाहीं. एका वेळीं दोन वर्षांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते आणि धंदा चालूं असेपर्यंत ती कितीहि वेळां वाढवितां येते. परंतु हा कायमच्या वास्तव्याचा हक्क नव्हे. मुदत संपतांच परत जाण्याची तयारी अर्जदारानें कबूल केलेली असते. वीस वर्षें कर भरला, माणसें पोसलीं, तरी त्यावरून आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाहीं. धंदा बुडाला, किंवा थकून विकला, कीं राहण्याचा आधारहि त्याबरोबर गेला. मुलांचें तर त्याहून कठीण. एकविसावा वाढदिवस होतांच मूल आईबापांच्या परवानगीबाहेर पडतें. तेथेंच वाढलेल्या त्या तरुणास किंवा तरुणीस मग विद्यार्थी म्हणून किंवा अन्य नात्यानें स्वतःचा निराळा व्हिसा मिळवावा लागतो. नाहीं तर, जो देश लहानपणीं मागें टाकला तेथें परत जावें लागतें.

तहाचा पायाहि अढळ नसतो. इराण व अमेरिका यांच्यामध्यें १९५५ सालीं मैत्रीचा तह झाला होता व त्याच्या बळावर इराणी नागरिकांस हा व्हिसा मिळे. अमेरिकेनें २०१८ सालीं तो तह मोडण्याची सूचना दिली, आणि त्याची मुदत भरल्यावर इराणी नागरिकांची ही वाट बंद झाली. दुकानदाराच्या वर्तनांत कांहीं दोष नसतां राजकारणानें त्याचें घर हलूं शकतें, हें यावरून दिसतें.

भारतीय नागरिकास यांतून काय उरतें? त्याच्यासाठीं 'ईबी-५' नांवाची निराळी योजना आहे. तिच्यासाठीं तहाची गरज नाहीं आणि तिचा शेवट कायमच्या वास्तव्यांत होऊं शकतो. परंतु २०२२ च्या कायद्यानें तिची किमान रक्कम १०,५०,००० डॉलर, आणि ग्रामीण किंवा अधिक बेकारीच्या भागांत ८,००,००० डॉलर ठरविली. शिवाय दहा माणसांस पूर्ण वेळ काम मिळालें पाहिजे. दुसरा मार्ग, भारतांत स्वतःची चालती कंपनी असणाऱ्यानें अमेरिकेंत तिची शाखा काढून किंवा तेथील धंदा विकत घेऊन त्यावर व्यवस्थापक म्हणून जाण्याचा. त्यांत मागील तीन वर्षांपैकीं निदान एक वर्ष त्यानें परदेशांतील त्या कंपनींत काम केलेलें असावें लागतें, आणि भारतांतील धंदाहि चालूंच ठेवावा लागतो. नुसतें एखादें लहान दुकान घेऊन जावें, अशी सोय त्याला नाहीं. ती आहे असें सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावें.

ज्यांस ही सोय आहे, त्यांनीं दोन प्रश्न स्वतःस विचारावे. व्हिसाची गरज नसती तर हाच धंदा याच किमतीस घेतला असता काय? आणि घरांतील मुलांचीं वयें काय आहेत? दलाल विकतो तें दुकान. व्हिसा देणें त्याच्या हातीं नसतें, आणि दुकान चालविणेंहि त्याच्याकडे नसतें. मँचेस्टरच्या त्या जोडप्यानें तलाव मोजण्यापूर्वीं मुलीच्या वाढदिवसांची गणना करावी. ती आज पंधरा वर्षांची आहे; म्हणजे तिच्यासाठीं हातीं सहा वर्षें आहेत. त्या अवधींत तिच्या पुढील शिक्षणाची व स्वतंत्र व्हिसाची तजवीज होत असेल, तर धंद्याचा हिशेब मांडण्यास हरकत नाहीं. ती होत नसेल, तर तें घर विकण्यापूर्वीं तिघांनीं मिळून पुन्हा एकदां विचार करावा.