काळ्या मातीतला गुलाब

उमरगा तालुक्यातल्या मुरूम शहरात अंगणातला गुलाब वाळला की पहिला संशय उन्हावर जातो. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हा संशय खराही वाटतो. पण कित्येक रोपे उन्हाने जात नाहीत. ती भर पावसाळ्यात, ओल्या मातीत गुदमरतात.

कारण इथली काळी चिकण माती. पाणी मिळाले की ती फुगते आणि तिच्यातली हवा निघून जाते. उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तेव्हा बारीक मुळे तुटतात. तूर-सोयाबीनला ही जमीन मानवते, पण गुलाबाला साचलेले पाणी सोसत नाही. अशा मातीत खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत भरणे म्हणजे रोपासाठी हौद बांधणे. भोवतीची घट्ट माती पाणी बाहेर जाऊच देत नाही. त्यापेक्षा वीतभर उंच वाफा करून त्यात भरड मुरमाची माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. आधी जागेची परीक्षा घ्यावी: दीड फूट खड्ड्यात पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच दिसले, तर तिथे गुलाब लावू नये.

दुसरी तक्रार पिवळ्या पानांची. कोवळे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले की अनेकजण युरिया टाकतात. तो इथे कामाचा नाही. इथल्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारले की कोवळी पाने हिरवी होऊ लागतात. साचलेल्या पाण्यानेही हेच लक्षण दिसते, म्हणून निचरा आधी पाहावा.

छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरका काप घ्यावा, वाळलेली काडी निरोगी भागापर्यंत काढावी आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या जागेच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा असतो. तो मुळापासून उपटावा. नाहीतर खुंट फोफावतो आणि कलम मरते. उन्हाळ्यात बुडाशी उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट अंथरावे, मात्र खोडाला टेकवू नये.

अंगणातल्या कडुनिंब-आंब्याला मात्र माणसांपासूनच जपावे लागते. खोडापर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी मुळे खोडाजवळ नसतात, ती फांद्यांच्या सावलीच्या कडेला आणि त्याही पलीकडे पसरतात. पाणीही तिथेच द्यायला हवे.

फरशीसाठी झाडच तोडावे असे वाटले, तरी शहरी भागातली झाडे तोडायला 1975 च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. अंगणात फरशी घालण्याचे ठरले असेल, तर गवंड्याला आधीच सांगा: प्रत्येक झाडाभोवती किमान मीटरभर माती उघडी ठेव.