मुदतीचा ताप आणि मिलिमीटरची नोंद

२०१२ मध्ये अमेरिकेतील क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट या संस्थेने आपल्या तक्त्यातील एक आकडा बदलला. टायफॉइडच्या जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालते की नाही, हे ठरवणारा तो आकडा. तोपर्यंत औषधाच्या टिकलीभोवती २१ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे वर्तुळ दिसले की ‘सेन्सिटिव्ह’ असे लिहायचे. नव्या तक्त्यात त्यासाठी ३१ मिलिमीटर लागू लागले. म्हणजे २६ मिलिमीटरचे वर्तुळ आलेल्या रुग्णाला आदल्या वर्षी ‘औषध चालेल’ असा रिपोर्ट मिळाला असता, तर पुढच्या वर्षी त्याच वर्तुळावर ‘भरवसा नाही’ असा. जगभरातील प्रयोगशाळा हा तक्ता वापरतात, आपल्याकडच्याही. सर्वसामान्य वाचकाच्या कानावर तो बदल कधी आला नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर प्रयोगशाळा नजर कशी ठेवतात आणि ती कुठे चुकते, हे समजून घ्यायला मात्र त्याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आधी हे वर्तुळ काय ते पाहू. रुग्णाचे रक्त पोषक द्रव भरलेल्या बाटलीत घालून ऊबेत ठेवतात, यालाच कल्चर म्हणतात. जिवाणू वाढले की त्यांची ओळख पटवायची. मग ठरावीक गढूळपणाचे त्यांचे द्रावण करून ते म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखे पसरायचे. अगारची जाडी चार मिलिमीटर हवी, त्यात कमी-जास्त झाले तर वर्तुळच खोटे येते. त्यावर निरनिराळ्या अँटिबायोटिकच्या कागदी टिकल्या ठेवून प्लेट रात्रभर ३५ अंशांवर ठेवायची. सकाळी प्रत्येक टिकलीभोवती, चंद्राभोवती खळे पडावे तसा, जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल दिसतो. पट्टी लावून त्याचा व्यास मोजायचा. बॉअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत प्रमाणित केली. आज स्वयंचलित यंत्रे आली असली तरी ती अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि डोळ्यांना दिसते.

आकडा बदलावा लागला त्यामागे टायफॉइडच्या उपचारांचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. १९४८ मध्ये क्वालालंपूरच्या रुग्णांवर क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण दिसला. पूर्वी शंभरातील वीसेक रोगी दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आले. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ज्याला मुदतीचा ताप म्हटले, तो आता मुदत संपायच्या आत उतरू लागला. हा दिलासा सुमारे पंचवीस वर्षे टिकला. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि केरळातील कोझिकोडमध्ये क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉइड पसरला. कोझिकोडच्या पणिक्कर आणि विमला यांनी त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, ही ताकद एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. जिवाणूच्या पेशीत मूळ गुणसूत्राबाहेर डीएनएची छोटी कडी असते, तिला प्लास्मिड म्हणतात, आणि ती हस्तांतरित होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल या तिन्हींना दाद न देणारा टायफॉइड भारतभर दिसू लागला. डॉक्टरांनी मग नव्याने आलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा आधार घेतला.

सिप्रोचा बालेकिल्ला मात्र एकदम पडला नाही. जिवाणूच्या एका जनुकात एखादा बदल होई आणि औषध जरा कमी चालू लागे. रुग्णाचा ताप चौथ्या दिवशी उतरायचा तो आठव्या दिवशी उतरे, कधी उलटे, कधी उतरतच नसे. रिपोर्टवर तरीही ‘सेन्सिटिव्ह’च असे, कारण वर्तुळ २१ मिलिमीटरहून मोठेच येत होते. डॉक्टर गोंधळात पडत आणि रुग्णाला वाटे आपल्या शरीरातच काही खोट आहे. या गोंधळात उपयोगी पडली ती नॅलिडिक्सिक अॅसिड नावाची जुनी, स्वस्त टिकली. टायफॉइडच्या उपचारात ती कोणी वापरत नाही. पण तिच्याभोवती वर्तुळ उमटले नाही, तर सिप्रोही लवकरच दगा देणार हे त्यातून समजत असे. १९९० च्या दशकात भारतातून परतलेल्या प्रवाशांच्या रक्तातून इंग्लंडच्या प्रयोगशाळांना असे जिवाणू मिळू लागले, आणि भारतातील प्रयोगशाळांनाही. तक्ता बदलायला पुढे बरीच वर्षे गेली.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला तो मुद्दा. २०१२ पूर्वी ज्या प्रयोगशाळांनी वहीत फक्त ‘एस’ (सेन्सिटिव्ह) किंवा ‘आर’ (रेझिस्टंट) अशी अक्षरे लिहिली होती, त्यांची मागची सगळी वर्षे वाया गेली. त्या ‘एस’ मागचे वर्तुळ २२ मिलिमीटरचे होते की ३५ चे, हे आता कोण सांगणार? ज्यांनी मिलिमीटर लिहून ठेवले होते, त्यांनी नवी पट्टी जुन्या वह्यांना लावली. सिप्रो आपल्या शहरात नेमके कोणत्या वर्षापासून घसरू लागले, हे त्यांना कळले. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील थॉमस ओब्रायन आणि जॉन स्टेलिंग यांनी १९८९ मध्ये ‘व्होनेट’ हे संगणकीय साधन तयार केले ते याच विचाराने: निष्कर्ष नंतर काढता येईल, मूळ मोजमाप हातचे जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ते मोफत दिले जाते आणि शंभराहून अधिक देश ते वापरतात. त्यात प्रत्येक नमुन्यासाठी वय, वॉर्ड, नमुन्याचा प्रकार, जिवाणू आणि प्रत्येक औषधाचा व्यास भरता येतो. एकाच वॉर्डातून एकाच तऱ्हेचे पाच-सहा जिवाणू आठवड्याभरात आले, तर ते लगेच लक्षात येते. एकेका रिपोर्टवर सही करणाऱ्या माणसाला ते दिसले नसते.

आपल्याकडे अशी मोजमापे अनेक रुग्णालयांतून एकत्र करणारे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे जाळे २०१३ पासून चालते. महाराष्ट्रातून त्यात मुंबईचे हिंदुजा रुग्णालय, पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान ही केंद्रे आहेत. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे जाळे वेगळे, त्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पुण्याचे बी. जे. त्यांपैकीच एक. या जाळ्यांतून आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टायफॉइडचा जिवाणू आज क्लोरॅम्फेनिकॉलला आणि अँपिसिलिनला शंभरातील पंच्याण्णवहून अधिक वेळा पुन्हा बळी पडतो. सिप्रोला मात्र दहातले नऊहून अधिक जुमानत नाहीत. म्हणजे टाकून दिलेले औषध वापरातून गेल्यावर जिवाणू त्याच्याविरुद्धची ताकद बऱ्याच अंशी गमावतो. हे अनुभवाने किंवा अंदाजाने कळणारे नव्हते. वर्षानुवर्षे टिकलीभोवतीचा व्यास मोजणाऱ्या हातांमुळे ते कळले. यावरून कुणी उद्या स्वतःच्या मनाने क्लोरॅम्फेनिकॉल घ्यावे असे मी मुळीच म्हणत नाही, या औषधाने अस्थिमज्जेवर क्वचित पण प्राणघातक परिणाम होऊ शकतो.

या आकड्यांना एक मोठी मर्यादा आहे आणि ती झाकून हा विषय मांडणे मला पटत नाही. जाळ्यातील रुग्णालये मोठी आहेत. तिथवर पोहोचणारा रुग्ण बहुतेकदा आधी गल्लीतल्या दवाखान्यात दोन-तीन गोळ्या खाऊन आलेला असतो. ज्याला पहिल्याच औषधाने गुण आला तो घरी बसला, ज्याला आला नाही तो इथे आला. म्हणून मोठ्या रुग्णालयातील प्रतिरोधाचे प्रमाण गावातल्या प्रमाणापेक्षा जास्त दिसण्याचीच शक्यता असते. उलट बाजूही आहे. तालुक्याच्या ठिकाणी ताप आलेल्या मुलाचे रक्त कल्चरसाठी जवळपास कधीच जात नाही. जाते ते विडालसाठी. १८९६ सालची ही चाचणी रक्तातील प्रतिपिंडे पाहते. पूर्वी झालेला टायफॉइड, लस किंवा दुसराच एखादा जंतुसंसर्ग यांनीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हातात पडतो म्हणून ती चालते. पण तिच्यात जिवाणूच मिळत नाही, तर कोणते औषध चालेल ते कळायचे कसे? आणि त्या गावात नेमके काय पसरले आहे हे देशाला कळायचे कसे?

कल्चरही सोपे नाही. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जिवाणू असतो, म्हणून प्रौढांकडून आठ-दहा मिलिलिटर रक्त हवे. इतके करूनही खऱ्या टायफॉइडच्या दहांपैकी सहाच रुग्णांत जिवाणू सापडतो. त्यात अँटिबायोटिकचा पहिला डोस रक्त घेण्याआधी गेला, तर ती शक्यता आणखी घटते. म्हणून सगळा भार एका छोट्या क्रमावर येतो: आधी रक्त, मग औषध. तो पाळायला पैशांपेक्षा सवय लागते. सवय तेव्हाच लागते, जेव्हा बाटली तालुक्यात मिळते, ती न्यायला माणूस असतो आणि रिपोर्ट तीन दिवसांत परत येतो. आपल्या आरोग्य व्यवस्थेत यापैकी तिसरे सर्वांत दुर्मीळ आहे.

मोजायचे ठरवले की काय दिसते, याचे उदाहरण पुण्याजवळच्या वढू भागात आहे. २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि वढू येथील चोवीस हजारांवर मुलांकडे सतत लक्ष ठेवण्यात आले. ताप आला की कल्चर. शहरी भागांत दर एक लाख बाल-वर्षांमागे ५७६ ते ११७३ रोगी आढळले, वढूच्या ग्रामीण भागात ३५. टायफॉइड गरीब खेड्याचा रोग आहे ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. दाट वस्तीत पाण्याची वाहिनी आणि गटार शेजारून जातात, रोग तिथे आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना टायफॉइडची नवी लस टप्प्याटप्प्याने दिली. आधी निम्म्या आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, उरलेल्यांत नंतर. त्यामुळे दोन भागांतल्या कल्चर-सिद्ध रुग्णांची तुलना करून लसीचा गुण ठरवता आला. इतक्या काटेकोरपणे काम करणाऱ्या महापालिकेचे कौतुक व्हायला हवे होते, तितके झाले नाही.

सरहद्दीपलीकडे हीच नजर संकटात कामी आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये सिंधमधील हैदराबादहून आगा खान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यांत सेफ्ट्रिआक्सॉन या अँटिबायोटिकलाही न जुमानणारा टायफॉइड दिसला. एक, मग आणखी, मग रांग. पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एकट्या त्या शहरातून ४८६ रुग्ण नोंदले गेले. त्या जिवाणूने दुसऱ्या जिवाणूकडून एक प्लास्मिड उचलले होते. सिप्रोचा आणि जुन्या तीन औषधांचा प्रतिरोध त्या टायफॉइडच्या जिवाणूत आधीच होता, म्हणून हातात उरली ती तोंडाने घ्यायची अॅझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची महागडी कार्बापेनेम. वस्तीतील पाण्याच्या नमुन्यांत टायफॉइडच्या जिवाणूचा डीएनए मिळाला. २०१८ मध्ये तिथे लसमोहीम झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये नियमित लसीकरणात टायफॉइडची संयुग्म लस आणणारा पाकिस्तान जगातील पहिला देश ठरला. वापरलेली लस बनली होती तेलंगणातील हैदराबादेत.

म्हणून आता सगळ्यांचे लक्ष अॅझिथ्रोमायसिनकडे आहे. सर्दी-खोकल्यासाठी, कोविडच्या साथीत तर घराघरात, आपण ती भरभरून खाल्ली. प्लेटवर तिचे वर्तुळ वाचणेही अवघड असते, कडा धूसर येते आणि दोन तंत्रज्ञांची मोजमापे वेगळी पडतात. ढाक्याच्या चाइल्ड हेल्थ रिसर्च फाउंडेशनने २००९ ते २०१६ या काळात जमवलेले टायफॉइड-पॅराटायफॉइडचे १,०८२ जिवाणू गोठवून ठेवले होते. ते पुन्हा तपासल्यावर तेरा जिवाणू अॅझिथ्रोमायसिनला दाद देत नसल्याचे निघाले, आणि पेशीतून औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या जनुकातील एका जागचा बदल त्यामागे असल्याचे उघड झाले. त्यांतला पहिला जिवाणू २०१३ सालचा होता. त्या वर्षी त्याचा साधा रिपोर्ट गेला असेल, मुलाला औषध मिळाले असेल आणि ती नळी फ्रीझरमध्ये नंबर लावून ठेवली गेली असेल. पुढे सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, तो शोध प्रसिद्ध झाला.