पोर्शे क्लब ऑफ अमेरिका

पोर्शे क्लब ऑफ अमेरिका ही पोर्शे या जर्मन बनावटीच्या क्रीडामोटारींच्या मालकांची संघटना असून तिचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा हे आहे. तिची स्थापना सप्टेंबर १९५५ मध्ये झाली. ही संघटना नफ्याच्या हेतूने चालविली जात नाही आणि ती मोटारी तयार करणाऱ्या कंपनीचा भागही नाही. तिचे १४० हून अधिक प्रादेशिक विभाग आहेत. सभासदांचा प्रत्यक्ष संबंध येतो तो या विभागांशी, आणि विभागांचे बहुतेक सर्व काम स्वयंसेवक विनावेतन करतात.

स्थापना

दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्शे कंपनीने '३५६' ही पहिली मोटार बाजारात आणली. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अशा मोटारी फारच थोड्या होत्या. तिची दुरुस्ती जाणणारे कारागीर दुर्मीळ होते आणि सुटे भाग मिळविणे कष्टाचे होते. त्यामुळे रस्त्यात समोरून दुसरी पोर्शे येताना दिसली, की चालक दिव्यांची उघडझाप करून किंवा हात उंचावून एकमेकांना ओळख देत. या ओळखीला संघटनेचे रूप देण्यात बिल शोलर यांनी पुढाकार घेतला. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील काही मोजक्या मालकांना एकत्र आणून त्यांनी क्लबची स्थापना केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून 'पॅनोरमा' हे मुखपत्र निघू लागले आणि १९५६ मध्ये 'पोर्शे परेड' हा पहिला वार्षिक मेळावा वॉशिंग्टन येथे भरला.

विभागांची रचना

वॉशिंग्टन परिसरातील पोटोमॅक विभाग हा क्लबचा पहिला विभाग होय. सभासद वाढत गेले तसे अन्यत्रही विभाग स्थापन झाले. प्रत्येक विभागाची स्वतंत्र कार्यकारिणी असते. तिच्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव व खजिनदार यांच्याबरोबरच सभासद-नोंदणी, वार्तापत्र, वाहनचालन प्रशिक्षण आदी विषयांचे प्रमुख असतात. ही माणसे आपापला नोकरी-व्यवसाय सांभाळून सुटीच्या दिवशी हे काम करतात. अनेक विभागांची स्वतःची वार्तापत्रे आहेत. पोटोमॅक विभागाच्या वार्तापत्राचे नाव 'डेर फोरगेंगर', म्हणजे 'पूर्वसूरी', असे आहे. फिलाडेल्फिया परिसरातील विभागाचे 'रीझेनट्योटर' हे नावही जर्मनच आहे. त्याचा अर्थ 'महाकायांना मारणारा' असा होतो. लहान इंजिनाच्या पोर्शे मोटारी शर्यतींत मोठ्या इंजिनाच्या मोटारींना मागे टाकीत, त्याचा हा निर्देश आहे.

उपक्रम आणि स्वयंसेवकांची कामे

ऑटोक्रॉस : मोठ्या वाहनतळावर किंवा वापरात नसलेल्या विमानतळावर रबरी वा प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखला जातो आणि त्यावरून चालक आपापल्या वेळेशी स्पर्धा करतात. शंकू पडल्यास काही सेकंदांचा दंड होतो. या उपक्रमात चालक व कार्यकर्ता असा भेद सहसा राहत नाही. सहभागी व्यक्तींचे गट पाडतात. एक गट मोटारी चालवितो तेव्हा दुसरा मैदानात उभा राहतो. पडलेले शंकू जागेवर ठेवणे, दंड बिनतारी यंत्रावरून कळविणे, मार्गात अडथळा आल्यास लाल ध्वज दाखवून मोटार थांबविणे ही त्यांची कामे असतात. शल्यचिकित्सक असो वा विद्यार्थी, उन्हात उभे राहण्याची पाळी कोणालाही चुकत नाही. काम टाळणाऱ्याची नोंदविलेली वेळ रद्द करण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे.

वाहनचालन प्रशिक्षण : शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर वेगात मोटार सुरक्षितपणे कशी चालवावी, याचे शिक्षण या उपक्रमात मिळते. ही शर्यत नसते. वेळ मोजली जात नाही, आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावरच, तीही ठरवून दिलेल्या जागी, त्याला ओलांडता येते. नवशिक्याच्या शेजारी स्वयंसेवक प्रशिक्षक बसतो. त्याच्यापुढे सुकाणूचक्र नसते आणि त्याच्या पायाखाली ब्रेकही नसतो. शब्द आणि हातांच्या खुणा एवढीच त्याची साधने असतात. अनोळखी माणसाच्या हाती आपला जीव सोपवून तो हे काम करतो. म्हणून प्रशिक्षकांची निवड व त्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण यांना क्लबमध्ये मोठे महत्त्व आहे. मार्गावर जाण्यापूर्वी प्रत्येक मोटारीचे ब्रेक, चाके, टायर व आसनपट्टे तपासले जातात. अशा मोटारींच्या अधिकृत शर्यती क्लबने १९९२ पासून सुरू केल्या.

अन्य उपक्रम : जुन्या वातशीतित इंजिनांच्या दुरुस्तीची प्रात्यक्षिके, मोटारींच्या निगा-स्वच्छतेच्या स्पर्धा, नकाशा व वेळ यांचे गणित सांभाळून करावयाच्या रॅली आणि सामूहिक सहली हे उपक्रम बहुतेक विभागांत होतात. सहलीत सर्वांत पुढे वाट दाखविणारी आणि सर्वांत मागे कोणी मागे पडू नये म्हणून जाणारी अशा दोन मोटारी स्वयंसेवकांच्या असतात. अनेक विभाग आपल्या कार्यक्रमांतून स्थानिक धर्मादाय संस्थांसाठी निधीही गोळा करतात.

सौहार्द आणि त्याचे स्वरूप

क्लब केवळ मोटारींचा नसून माणसांचा आहे, या आशयाचे वाक्य सभासदांच्या तोंडी नेहमी असते. महागडी मोटार ही एरवी प्रतिष्ठेची खूण मानली जाते आणि तिच्या मालकांत तुलना व चढाओढ होण्याचा संभव असतो. विभागात मात्र माणसाची ओळख त्याने पत्करलेल्या कामावरून होते. वीस वर्षांची जुनी मोटार घेऊन येणारा, परंतु दुसऱ्याची मोटार बिघडली असता हत्यारांची पेटी उघडून बसणारा सभासद सर्वांच्या परिचयाचा होतो. सभासदाच्या कुटुंबीयांनाही क्लबमध्ये स्थान असल्यामुळे नोंदणीचे मेज, जेवणाची व्यवस्था आणि वार्तापत्राचे संपादन यांत पती-पत्नी एकत्र काम करताना दिसतात. 'पॅनोरमा'च्या संपादनाची धुरा बेटी जो टर्नर यांनी दीर्घकाळ वाहिली. उत्तम विभाग, आदर्श कुटुंब आणि निष्ठावंत सभासद यांचा क्लबतर्फे दरवर्षी गौरव करण्यात येतो.

मर्यादा

स्वयंसेवेवर चालणाऱ्या इतर संस्थांप्रमाणे येथेही कामाचा भार थोड्यांच्या खांद्यांवर पडण्याची प्रवृत्ती असते. सभासद अनेक असले तरी पद स्वीकारण्यास थोडेच पुढे येतात. तेच ते कार्यकर्ते थकले किंवा दूर गेले की उपक्रम बंद पडण्याची भीती निर्माण होते. ऑटोक्रॉसला पुरेशी माणसे मिळाली नाहीत तर तो सुरक्षितपणे घेता येत नाही, आणि अनुभवी प्रशिक्षक नसेल तर नवशिक्याला मार्गावर सोडता येत नाही. त्यामुळे नव्या सभासदाला पहिल्याच कार्यक्रमात एखादे लहानसे काम देऊन अनुभवी व्यक्तीच्या जोडीला उभे करण्याची पद्धत उपयुक्त ठरते. नवागताला त्यातून माणसे भेटतात आणि विभागाला पुढचा कार्यकर्ता मिळण्याची शक्यता वाढते.