बुरुड राजाच्या कोटातली पेटी

नालासोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत विटांचा स्तूप निघाला, त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. डब्यात डबा ठेवावा तसे. सगळ्यांत आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोन्याची फुलंही होती.

अभ्यासकांना मात्र सोन्यापेक्षा दुसरंच मोलाचं वाटलं. पेटीत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे काळ साधारण १८०० वर्षांपूर्वीचा. करंड्याभोवतीच्या आठ धातूच्या मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे कितीतरी पिढ्यांनंतर कुणीतरी पेटी उघडली, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केली. नाणं एका सोनाराकडे, मूर्ती दुसऱ्याकडे गेल्या असत्या तर हे कळलंच नसतं.

विहीर किंवा चर खणताना तुमच्या फावड्याला हंडा लागला तर? नाणी घासू नका, चिंचेने तर मुळीच नाही. वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. धनाचा मालक निघाला नाही, जमीन दुसऱ्याची असली आणि आधी काही ठरलेलं नसलं, तर तीन हिस्से जिला सापडलं तिचे, एक जमीनवाल्याचा. सरकारला ते हवं असेल तर किंमत देऊन घेतं. लपवलं तर मात्र हिस्सा जातो, वर शिक्षा. अर्जाची पोच मागून घ्या.